खुकरी का बुडाली, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

९ डिसेंबरच्या निमित्ताने आपल्या नवी मुंबई पुरवणीत १९७१ च्या युद्धात त्याच तारखेला पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलेल्या ‘आयएनएस खुकरी’ या नौदलाच्या जहाजावर अख्खे पान आले, हे बरे झाले. खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्याविषयी त्यात जे लिहिले आहे त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती जहाज कसे बुडाले हे सांगणाऱ्या एका वाक्याला. ‘पाणबुडीने पेरिस्कोपमधून अचूक नेम धरला आणि बलाढ्य विनाशिका एका टॉर्पेडोत जलसमाधिस्त झाली’ असे ते वाक्य आहे. त्यात तीन चुका आहेत आणि दर डिसेंबरला त्याच तीन चुका कुठे ना कुठे छापून येतात. आपल्या पुरवणीचा वाचक नेरूळ, सीवूड्स, उलवे भागातला आहे. करावेला टी. एस. चाणक्य ही दर्यावर्दींची प्रशिक्षण संस्था आहे, खाडीपलीकडे न्हाव्याला टी. एस. रहमान ही तशीच दुसरी आहे, बोटीवर जाऊ पाहणारी मुले असली पाने कापून जपून ठेवतात. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर विशेषणे कापा, आकडे कापू नका.

पहिली गोष्ट, खुकरी विनाशिका नव्हती आणि बलाढ्य तर मुळीच नव्हती. ती टाइप १४ वर्गातली फ्रिगेट, म्हणजे विनाशिकेहून लहान युद्धनौका होती. इंग्लंडमध्ये काउज येथे जे. सॅम्युएल व्हाइट यांच्या गोदीत बांधलेली, नोव्हेंबर १९५६ मध्ये पाण्यात उतरलेली आणि जुलै १९५८ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली. लांबी सुमारे ९४ मीटर, रुंदी दहा मीटर, वजन बाराशे टनांच्या आसपास. आज न्हावा-शेवाला लागणाऱ्या कंटेनर जहाजांच्या शेजारी ती टगच्या थाटाची दिसली असती.

हा वर्ग जन्माला कसा आला, यातच पुढचे बरेचसे उत्तर आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे धान्य, तेल, पोलाद हे सगळे अटलांटिक ओलांडून कॉन्व्हॉयने, म्हणजे व्यापारी जहाजांच्या तांड्याने यायचे आणि त्याच्याभोवती राखणीला छोट्या एस्कॉर्ट जहाजांचे कडे असायचे. यातली सर्वांत ओळखीची म्हणजे फ्लॉवर वर्गातली कॉर्व्हेट: ९२५ टन, एक शाफ्ट (प्रोपेलर फिरवणारा दांडा), वेग जेमतेम १६ नॉट, म्हणजे तासाला १६ सागरी मैल. पृष्ठभागावरून पळणारी जर्मन पाणबुडी तिच्याहून वेगवान होती. युद्धानंतर ब्रिटिश नौदलाने हिशेब मांडला की पुढचे युद्ध झाले तर अशी जहाजे पुन्हा डझनांनी लागतील, पण चांगले पाणबुडीविरोधी जहाज म्हणजे टाइप १२ फार महाग पडते. (आपली तलवार आणि त्रिशूल या टाइप १२.) मग त्यांनी टाइप १२ चे निम्मे जहाज काढले. दोनऐवजी एक शाफ्ट, ३०,००० ऐवजी १५,००० अश्वशक्ती, वेग २७ नॉटच्या आसपास. पाणबुडी शोधायची आणि मारायची सामग्री मोठ्या जहाजाचीच ठेवली. तोफा मात्र नावालाच, ४० मिलिमीटरच्या तीन बोफोर्स. सांगाडा इतका हलका की आइसलँडजवळच्या खवळलेल्या समुद्रात मासेमारी संरक्षणावर पाठवल्यावर ब्रिटिशांना आपल्या जहाजांना जादा मजबुती द्यावी लागली. ब्रिटनने अशी १२ बांधली आणि भारताने तीन घेतली: खुकरी, कृपाण आणि कुठार.

आता कॉन्व्हॉय एस्कॉर्टचे काम काय, हे नीट समजून घ्यायला हवे. पाणबुडी बुडवणे हे त्याचे पहिले काम नसते. पाणबुडीला मान वर काढू न देणे आणि व्यापारी जहाजांपासून लांब ठेवणे, एवढे साधले तरी एस्कॉर्ट जिंकला. त्या काळची पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर सात-आठ नॉटने फार तर तासभर पळे. तिला तासभर दाबून ठेवले की कॉन्व्हॉय निघून जातो. हे काम एकटे जहाज करत नाही. चार-सहा एस्कॉर्ट एकमेकांचा आंधळा कोपरा झाकत करतात. कडे विरळ झाले की एस्कॉर्टच सावज होतो. कॅनडाची कॉर्व्हेट ‘स्पाइकनार्ड’ १० फेब्रुवारी १९४२ च्या रात्री एस.सी. ६७ या कॉन्व्हॉयबरोबर असताना यू-१३६ पाणबुडीने बुडवली. त्याच सुमारास कॉन्व्हॉयमधल्या एका जहाजालाही टॉर्पेडो लागला, त्यामुळे एस्कॉर्टच गेला आहे हे बरोबरच्या जहाजांना सकाळपर्यंत कळले नाही. आठ माणसे वाचली.

१९७१ च्या डिसेंबरात खुकरीच्या मागे झाकायला कॉन्व्हॉय नव्हता. पाकिस्तानी पाणबुडी ‘हँगोर’ हिचे रेडिओ संदेश दिशाशोधक केंद्रांनी पकडले होते आणि ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याबाहेर फिरते आहे असा अंदाज बांधता आला होता. तिला शोधून मारण्यासाठी १४ व्या फ्रिगेट स्क्वाड्रनला मुंबईहून धाडले गेले. स्क्वाड्रनमध्ये जहाजे तीन, पण कुठारच्या बॉयलर रूममध्ये स्फोट होऊन ती निकामी झालेली. म्हणजे उरली दोन, खुकरी आणि कृपाण. कड्यात राहून राखण करायला बनवलेले जहाज मोकळ्या समुद्रात शिकारीला निघाले, तेही जोडीदार एकच घेऊन.

शिकार म्हणजे किती पाणी उपसायचे, याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. समजा रेडिओ संदेशावरून पाणबुडीची जागा अगदी बरोबर कळली आणि तिथे पोहोचायला १२ तास लागले. तेवढ्यात पाणबुडी चार नॉटच्या संथ चालीनेही कोणत्याही दिशेला ४८ सागरी मैल गेलेली असू शकते. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७,२०० चौरस सागरी मैल. जहाजाच्या सोनारची (आवाजाने पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राची) पकड दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलोमीटर धरली तर झाडला जाणारा पट्टा २.७ सागरी मैल रुंद होतो. १२ नॉटने चालत एक जहाज तासाला ३२ चौरस मैल झाडणार, दोन जहाजे ६५. पूर्ण वर्तुळ झाडायला शंभराहून अधिक तास, आणि पाणबुडी त्या वेळात जागेवर थांबणार नाही. म्हणून असल्या शोधात विमान आणि हेलिकॉप्टर हवे. (जाता जाता: आपल्या पानावर ‘ताशी १२ नॉट’ असे छापले आहे. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, १,८५२ मीटर. ‘ताशी’ काढून टाका.)

अडीच किलोमीटर ही पकडसुद्धा आम्ही उदारपणे धरली आहे. खुकरीवर शोधासाठी १७४ आणि नेम धरण्यासाठी १७० या क्रमांकांचे ब्रिटिश सोनार होते, पन्नाशीच्या दशकातले. सोनारचे तत्त्व करंजा, दिवाळे इथल्या बोटींवरच्या फिश फाइंडरचेच: आवाजाचा ठोका पाण्यात सोडायचा, प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ मोजायचा. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. अडीच किलोमीटरवरच्या पाणबुडीचा प्रतिध्वनी सव्वातीन सेकंदांनी परततो. फरक इतकाच की फिश फाइंडर सरळ खाली बघतो आणि जहाजाला आडवे बघायचे असते. आडवा गेलेला आवाज सरळ जात नाही. ज्या थरात आवाजाचा वेग कमी त्या थराकडे तो वळतो. वर ऊन-वाऱ्याने ढवळलेले कोमट पाणी आणि खाली थंड पाणी असले की थराच्या सीमेवर किरण फाकतात. काही वर राहतात, काही खाली वाकतात आणि मधे सावलीचा पट्टा पडतो. त्या पट्ट्यात पाणबुडी हजार मीटरवर असली तरी जहाजाला ऐकू येत नाही. मुरलेला पाणबुडी कमांडर आधी पाण्याचे तापमान खोलीनुसार मोजतो आणि मग आपली खोली ठरवतो. खुकरी बुडाली ती जागा दीवच्या नैऋत्येस सुमारे ३५ ते ४० सागरी मैलांवर, सौराष्ट्राच्या रुंद आणि उथळ खंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या समुद्राखालच्या पठारावर. उथळ पाण्यात तळही आवाज परत फेकतो; खडक, माशांचे थवे, जुनी बुडालेली जहाजे या सगळ्यांचे प्रतिध्वनी पडद्यावर येतात. सोनारवर बसलेला नौसैनिक त्या गोंगाटातून एक ठिपका निवडायचा, तोही हेडफोनमधल्या स्वराच्या चढउतारावरून.

उलट बाजूला हँगोर. फ्रान्समध्ये बांधलेली दाफने वर्गातली पाणबुडी: पाण्याखाली हजार टनांच्या आसपास, लांबी ५८ मीटर, टॉर्पेडोच्या १२ नळ्या, आठ पुढे आणि चार मागे. तिला ठोका सोडायची गरज नव्हती. जहाजाचा प्रोपेलर, टर्बाइन, पंप आणि जहाजाच्या स्वतःच्या सोनारचे ठोके हे सगळे ती कित्येक मैलांवरून नुसते ऐकू शकत होती. ठोका जातो तेव्हा एकदाच अंतर कापतो, प्रतिध्वनीला मात्र जाऊन परत यावे लागते. म्हणून जहाजाला पाणबुडी सापडण्याच्या खूप आधी पाणबुडीला जहाज सापडते. हँगोरचे कमांडर अहमद तस्नीम यांच्या सांगण्यानुसार रात्रीच्या काळोखात दिवे मालवलेली जहाजे पेरिस्कोपमधून दिसण्यासारखी नव्हतीच. म्हणून हँगोर खाली गेली आणि सुमारे ४० मीटर खोलीवरून केवळ सोनारच्या आधाराने टॉर्पेडो सोडले. पेरिस्कोप वापरायचा तर पाणबुडीला पंधरा-वीस मीटरपर्यंत वर यावे लागते. ४० मीटरवर पेरिस्कोपचा उपयोग शून्य. ही आपल्या वाक्यातली दुसरी चूक.

तिसरी चूक टॉर्पेडोच्या संख्येची. पाकिस्तानी वृत्तांतानुसार पहिला टॉर्पेडो कृपाणवर सोडला होता. तो खालून निघून गेला आणि फुटलाच नाही. दुसरा खुकरीला लागला. तिसरा पुन्हा कृपाणच्या मागे सोडला. वाचलेल्या भारतीय नौसैनिकांनी एकाहून अधिक धमाके सांगितले आहेत. ‘एका टॉर्पेडोत’ हे वाक्य टाळ्या घेते, पण त्याने पहिल्या टॉर्पेडोचा अपयशी वार पुसला जातो. खरे तर त्याच क्षणी जहाजांना सावध व्हायची संधी होती. पाण्यात धावणाऱ्या टॉर्पेडोचा आवाज सोनारवरचा माणूस ओळखू शकतो, पण त्यासाठी त्याचे कान त्याच दिशेला हवेत आणि ठोक्यांचा गोंगाट आड यायला नको.

आता शस्त्रांची पोच बघा, कारण निकाल तिथेच लागला. खुकरीचे मुख्य शस्त्र म्हणजे दोन ‘लिंबो’ मॉर्टर, प्रत्येकी तीन नळ्यांचे. बॉम्ब सुमारे १८० किलोचा, त्यात निम्म्याहून थोडे अधिक वजन स्फोटकाचे. सहा बॉम्ब जहाजाच्या मागच्या भागातून उडून डेकवरून पुढे जाऊन पडतात. ते पाणबुडीच्या वर आणि खाली असे फुटावेत की दोन दाबलहरींच्या मधे तिचा सांगाडा चिरडला जावा. स्फोटाची खोली १७० सोनारकडून थेट बॉम्बला दिली जाते, अगदी उडण्याच्या क्षणापर्यंत. यंत्रणा फार हुशार होती. पोच मात्र १,००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. त्या पिढीचे फ्रेंच आवाजवेधी (जहाजाच्या आवाजामागे जाणारे) टॉर्पेडो साधारण २५ नॉटने पाच-साडेपाच किलोमीटर धावत. म्हणजे पाच किलोमीटरपासून नऊशे मीटरपर्यंतचा सगळा टापू असा, की तिथे पाणबुडी मारू शकते आणि जहाज काहीच करू शकत नाही. १२ नॉटने सरळ तिच्या दिशेने निघाले तरी हा टापू ओलांडायला ११ मिनिटे लागतात. टॉर्पेडोला पाच किलोमीटर कापायला साडेसहा मिनिटे पुरतात. जहाजच समोरून येत असेल तर त्याहूनही कमी.

वेगाचा प्रश्न यातच आहे आणि त्यावर सर्वांत जास्त वाद होतात. जहाज जोरात पळाले तर स्वतःच्या सांगाड्यावरून घसरणाऱ्या पाण्याच्या आणि प्रोपेलरच्या खळखळाटाने त्याचा सोनार बहिरा होतो. हळू चालले तर सोनारला ऐकू येते, पण पाणबुडीला टॉर्पेडोची दिशा ठरवणे सोपे जाते आणि टॉर्पेडो आला तर वळून निसटायला अंगात वेग नसतो. त्या रात्री खुकरीचा वेग कमी होता आणि जहाजावर सोनारची पकड वाढवण्याचा एक प्रयोग चालू होता, हे नौदलाच्या इतिहासात नोंदलेले आहे. ही सुधारणा एका तरुण विद्युत अधिकाऱ्याची होती. तोही त्या रात्री परतला नाही. यावरून ‘प्रयोगामुळे जहाज गेले’ असे सोपे समीकरण मांडले जाते, ते आम्हाला पटत नाही. जुना सोनार आणि उष्ण पाणी दिले, हेलिकॉप्टर दिले नाही, तर जहाजावरचा माणूस त्याच सोनारमधून आणखी पाचशे मीटर पिळून काढायचा प्रयत्न करणारच. एका सरळ रेषेत हळू चालण्याचा धोका मात्र तेव्हाही ठाऊक होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, जर्मनांनी आवाजवेधी टॉर्पेडो आणला तेव्हा ब्रिटिशांनी जहाजामागे खडखडणारे लोखंडी पाइप ओढायला सुरुवात केली, ‘फॉक्सर’ नावाने. टॉर्पेडो त्या खडखडाटामागे जाई. पण त्याच आवाजाने एस्कॉर्टचा स्वतःचा सोनार निकामी होई. शिकार की जीव, हा पेच सोनारइतकाच जुना आहे.

टॉर्पेडो लागल्यावर काय झाले? आपल्या पानावर ‘क्षणात’ आहे. नोंदींनुसार जेमतेम दोन मिनिटे. वेळ रात्री पावणेनऊच्या सुमाराची. इतक्या लवकर जहाज का जाते, हे मुलांना आकड्यांत सांगता येते. पाण्याच्या रेषेखाली तीन मीटरवर फक्त एक चौरस मीटरचे भोक पडले, तर पाणी सेकंदाला सुमारे साडेचार घनमीटर आत येते. मिनिटाला पावणेतीनशे टन. बाराशे टनांच्या जहाजात एका मिनिटात त्याच्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा पाणी. उचलून नेण्याजोगा पंप तासाला पन्नास-शंभर टन उपसतो, मिनिटाला नव्हे. आणि टॉर्पेडोचे भोक एक चौरस मीटरचे नसते, कित्येक पट मोठे असते. त्यातून स्फोट कीलच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, खाली झाला तर वायूचा फुगा जहाजाला मधोमध उचलतो आणि फुगा आकसला की आधार नसलेले मधले अंग खाली कोसळते. लांबट, हलक्या सांगाड्याचा कणा तिथेच मोडतो. बल्कहेड (कप्प्यांमधल्या भिंती) उभे असले तरी त्यांना धरून ठेवणारी कील आणि तळाचे पत्रे फाटलेले असतात, दारांच्या चौकटी पिळवटलेल्या असतात. दार बंद असून पाणी येते.

शिवाय टाइप १४ मध्ये शाफ्ट एक, बॉयलर रूम एक, इंजिन रूम एक, दोन्ही रूम एकापाठोपाठ मधल्या भागात. जहाजातली सर्वांत मोठी पोकळी हीच. ती भरली की तरंगण्याचा साठा संपतो, वाफ संपते, वाफेवर चालणारे जनरेटर थांबतात आणि दिवे जातात. दोन शाफ्टच्या जहाजात यंत्रे वेगळ्या कप्प्यांत असली तर एक बाजू तरी राहते. निम्मे जहाज विकत घेतले की निम्मी जगण्याची शक्यताही मिळते, असे थोडे कडवट बोलावेसे वाटते. पण पन्नासच्या दशकातल्या भारताच्या तिजोरीकडे बघता दुसरा पर्याय काय होता, हेही खरे.

खाली अडकलेल्यांचा हिशेब त्याहून क्रूर. खालच्या मेसडेकवरून (नौसैनिकांच्या राहण्याच्या मजल्यावरून) वर यायला उभ्या शिड्या, माथ्यावर एका वेळी एकच माणूस जाईल एवढा हॅच. एका माणसाला दोन सेकंद धरले, कुणी घसरले नाही, कुणी परत फिरले नाही, तरी शंभर माणसांना एका शिडीवरून दोनशे सेकंद हवेत. जहाज तरंगले जेमतेम एकशेवीस सेकंद. त्यात काळोख आणि कलत गेलेला डेक. २०-२५ अंशांपलीकडे कलले की शिडीवरून चढता येत नाही, भिंतीवरून सरपटावे लागते. ब्रिटिश नौदलात या वर्गावर शंभर-दीडशे माणसे असत. खुकरीवर त्या रात्री २६१ जण होते. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. सहा अधिकारी आणि ६१ नौसैनिक वाचले. डिसेंबरात तिथले पाणी साधारण २६-२७ अंश असते, त्यामुळे उत्तर अटलांटिकसारखा गारठ्याने तासाभरात मृत्यू येत नाही. तिथे मारते ते पाण्यावर पसरलेले इंधन तेल, स्फोटाने आतून झालेली इजा, थकवा आणि लाटेआड होऊन एकमेकांपासून वाहून जाणे.

कॅप्टन मुल्ला यांच्या महावीर चक्राच्या मानपत्रात एवढेच आहे की त्यांनी होड्या आणि राफ्ट सोडण्याचे हुकूम दिले, माणसे वाचवण्यासाठी आणखी काय करता येईल ते पाहायला ते ब्रिजकडे, म्हणजे जहाज चालवायच्या जागेकडे, गेले आणि जहाजाबरोबर खाली जाताना शेवटचे दिसले. यापुढचे संवाद, हातवारे, हसणे वगैरे आपल्या लेखकाने घातलेले दिसते. मानपत्रातल्या साध्या वाक्याला त्याची गरज नाही.

कृपाणबद्दलही लिहायला हवे, कारण लेखात ‘साथीदार जहाज मात्र निघून गेले’ असा टोमणा आहे. हा टोमणा बसून मारणे सोपे आहे. २२ सप्टेंबर १९१४ रोजी उत्तर समुद्रात ब्रिटिशांची क्रूझर ‘अबूकीर’ हिला यू-९ पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. ‘हॉग’ बुडणाऱ्यांना उचलायला थांबली, तिलाही लागला. मग ‘क्रेसी’ थांबली, तीही गेली. सुमारे दीड तासात तीन जहाजे आणि १,४५० हून अधिक माणसे. तेव्हापासून ब्रिटिश नौदलात नियम झाला: पाणबुडी जवळ आहे हे ठाऊक असताना माणसे उचलायला थांबायचे नाही. दुसऱ्या महायुद्धात म्हणूनच कॉन्व्हॉयच्या शेपटाला स्वतंत्र बचाव जहाजे ठेवली जात आणि एस्कॉर्ट पाणबुडीच्या मागे जाई. कृपाणवर आधीच एक टॉर्पेडो सुटला होता, पुन्हा एक सुटला. ती थांबली असती तर १० डिसेंबरच्या सकाळी शोधायला आणखी एका जहाजाची माणसे असती. त्या सकाळी कृपाण ‘कच्छल’ या नौदलाच्या दुसऱ्या जहाजाला बरोबर घेऊन परत आली आणि पाण्यातल्या ६७ जणांना उचलले.

हँगोरला त्यानंतर चार दिवस शोधले. ती सापडली नाही, १८ डिसेंबरला कराचीला पोहोचली. आज ती तिथल्या सागरी संग्रहालयात उभी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेले हे जगातले पहिले युद्धजहाज. त्यानंतरचे १९८२ मधले, अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’.

नंतर काय बदलले, यावर लेखात एक शब्द नाही. सी किंग हेलिकॉप्टर १९७१ मध्येच नौदलात आली होती, पण ती एस्कॉर्ट जहाजांवरून चालवण्याची सोय नव्हती. हेलिकॉप्टर हवेत थांबून सोनारचा गोळा केबलने पाण्यात सोडते, थराच्या खालीसुद्धा. पाणबुडीला त्याच्या आवाजावर टॉर्पेडो सोडता येत नाही, कारण पाण्यात जहाजच नसते. पाच किलोमीटर ते नऊशे मीटर हा जो टापू वर सांगितला, तो हेलिकॉप्टरने एका उड्डाणात पुसला. माझगाव गोदीत बांधलेल्या ‘नीलगिरी’पासूनच्या फ्रिगेट डेकवर हेलिकॉप्टर घेऊनच आल्या. पुढे ऐंशीच्या दशकात कोचीच्या नौदल प्रयोगशाळेने बनवलेला ‘अप्सो’ सोनार आपल्या पाण्याचे तापमान आणि थर लक्षात घेऊन घडवलेला होता. उत्तर अटलांटिकसाठी बनवलेले यंत्र आपल्या उष्ण समुद्रात कमी पडते, याचा धडा आधीही मिळाला होता. डिसेंबर १९७१ नंतर त्यासाठी पैसा सुटला.

शेवटी एक व्यावहारिक मुद्दा. नाताळच्या सुट्टीत नवी मुंबईतून दीवला जाणारे बरेच असतात आणि ‘खुकरी बघून आलो’ असे सांगतात. दीवला २०२२ पासून जे जहाज पर्यटकांसाठी ठेवले आहे ती दुसरी खुकरी आहे. माझगाव गोदीत बांधलेली कॉर्व्हेट, २३ ऑगस्ट १९८९ ला दाखल, २३ डिसेंबर २०२१ ला विशाखापट्टणमला निवृत्त. मुख्य शस्त्र जहाजविरोधी क्षेपणास्त्रे. समुद्रातून वर काढलेले जहाज नव्हे, हे आपल्या पानावरील छायाचित्राखाली स्पष्ट करावे; आत्ता तिथे नव्या जहाजाचे छायाचित्र आणि जुन्या जहाजाची माहिती आहे. १९७१ मधल्या खुकरीचे स्मारक दीवलाच वेगळे आहे, टेकाडावर, काचेत ठेवलेल्या प्रतिकृतीसह. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी प्रतिकृतीच्या मागच्या भागातले दोन मॉर्टर दाखवावेत आणि पुढे तोफा किती कमी आहेत तेही.

दुरुस्ती छापताना फ्रिगेट, ४० मीटर आणि ९१४ मीटर एवढे तीन तपशील आले तरी चालेल. आणि मृतांचा आकडा देताना १८ अधिकाऱ्यांबरोबर १७६ नौसैनिकही लिहावेत. पानावर फक्त पहिला आकडा आहे.

आपले,
काही निवृत्त दर्यावर्दी आणि जहाज अभियंते,
सीवूड्स, नवी मुंबई